आठ पानी निःपक्षपातीपणा

निःपक्षपातीपणात माझा हात धरेल असा माणूस आमच्या गावात नाही! निदान गेल्या सोमवारपर्यंत माझी तशी समजूत होती. चाळीस वर्षं शाळेचं ग्रंथालय सांभाळलं, एकमेकांशी भांडणारी पुस्तकं एकाच फळीवर शेजारी शेजारी लावली आणि कुणाच्याही बाजूने तोंड म्हणून उघडलं नाही. तसं ते मला जमतही नाही. चारचौघांत बोलायला उभा राहिलो की माझ्या घशातून मांजराच्या पिलासारखा आवाज येतो. लिहिणं मात्र जमतं, असं मला वाटतं. म्हणजे वाटायचं.

झालं असं, की फिएस्ता, म्हणजे गावची जत्रा, संपली आणि गावकचेरीचा माइक नाहीसा झाला. आमच्या 'बालोद' साप्ताहिकाने लगेच मोबाइलवर बातमी टाकली: 'माइक गेला! बाजावांवर संशय'. संशय कुणाला, ते लिहिलं नव्हतं. लिहावं लागत नाही. बाजाव म्हणजे समुद्रात खांब रोवून घरं बांधणारी माणसं. फिलिपीन्समधल्या आमच्या बोहोल बेटावर कुणाची कोंबडी हरवली तरी आधी त्यांच्याच टोपल्या उपड्या होतात. आमचे गावप्रमुख कापितान दिओस्कोरो यांनी बासारियाची टोपली तीनदा उपडी केली. बासारिया बाजाराच्या तोंडाशी, बदामाच्या झाडाखाली सुकी मासळी विकते. मला 'लोलो' म्हणजे आजोबा म्हणते आणि तोलून झाल्यावर न मागता दोन मासे वर टाकते.

टोपलीत माइक काही निघाला नाही. तेव्हा शनिवारच्या गावसभेत तिची जागाच काढून घ्यायची, असं कापितानने जाहीर केलं. जागा गेली की संपलंच. बाजाराच्या आत तिला कोण उभं करणार?

"मी लिहितो!" मी बायकोला म्हणालो.

"अहो, लिहिताय कशाला? सभेत उभं राहून दोन वाक्यं बोला की!" पुरिता म्हणाली.

"दोन वाक्यांत न्याय होत नाही, पुरिता."

मी आठ पानं लिहिली. पहिली तीन पानं विरोधकांना दिली. त्यांचं म्हणणं मी इतकं सुरेख मांडलं, की वाचून मलाच क्षणभर पटलं! चौथ्या पानापासून एकेक मुद्दा खोडला. चौथ्या पानाचं पहिलं वाक्य होतं, 'सगळेच बाजाव चोर नसतात.' हे वाक्य मी पुरिताला तीनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा ती उठून भात बघायला गेली.

'बालोद'च्या संपादकाने पत्र सगळंच्या सगळं छापलं. काना-मात्राही बदलली नाही. मथळा तेवढा माझ्या पहिल्या पानावरून, म्हणजे विरोधकांच्या तोंडून, उचलला: 'बाजावांना बाजारात जागा कशाला? सेव्हेरिनो सरांचा रोखठोक सवाल!'

इथे घात झाला. आमच्याकडे मोबाइलवर इंटरनेट फुकट मिळतं, पण फुकटात दिसतो फक्त मथळा. फोटोच्या जागी राखाडी चौकोन. मजकुरावर बोट ठेवलं की 'पुढे वाचण्यासाठी लोड टाका', म्हणजे पैसे भरा. आणि म्हाताऱ्याचं पत्र वाचायला लोड टाकणारा माणूस आमच्या गावात अजून जन्माला यायचाय!

दुसऱ्या दिवशी बेकरीवाल्याने माझ्या पिशवीत दोन पाव जास्त कोंबले. "शाब्बास सर! कुणीतरी बोलायलाच हवं होतं!"

मला वाटलं, न्याय जिंकतोय. तेवढ्यात कापितानची मोटरसायकल कचकन थांबली आणि त्यांनी मला मिठी मारली. चाळीस वर्षांत त्यांनी मला साधा हातही केला नव्हता.

"शनिवारी पहिलं भाषण तुमचं, सर!"

"कापितान, तुम्ही... वाचलंत?"

"वाचायचं काय त्यात? कळलं की सगळं!"

बासारियाने मासळी तोलली. काटा असा सरळ उभा, जसा काही शाळेतला झेंडा. वर एकही मासा नाही.

"बासारिया, मी तुझ्या बाजूने लिहिलंय गं!"

"हो ना लोलो. सकाळपासून लोक वाचून दाखवताहेत मला."

शुक्रवारी मला जबरदस्त युक्ती सुचली. आमच्या गावात बान्दिल्यो, म्हणजे फिरती दवंडी, असते. बुर्स्योच्या तीनचाकीवर कर्णा बांधलेला असतो आणि मयतीपासून नळ बंद होण्यापर्यंत सगळं तोच गावभर ओरडत फिरतो. त्यातून आठही पानं वाचायची! बुर्स्योला माझं अक्षर लागेना, म्हणून मलाच आत बसावं लागलं. पण ताडपत्रीचा पडदा होता. तोंड दिसत नाही म्हटल्यावर मला वाघाचं बळ आलं! बुर्स्योने हातात माइक दिला. दांड्यावरच्या पट्टीला हात चिकटत होता. मी सुरू केलं.

एक साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही. तीनचाकी चालत असते.

पहिलं पान चर्चसमोर पडलं. दुसरं आणि तिसरं, म्हणजे विरोधकांचं सगळ्यात जळजळीत म्हणणं, नेमकं मासळीबाजारात! बाहेर टाळ्या आणि शिट्ट्या.

"बुर्स्यो, थांब! चौथं पान इथेच वाचायचंय!"

"थांबता येत नाही सर, रस्ता अडला की हवालदार दंड करतो."

'सगळेच बाजाव चोर नसतात' हे वाक्य भातखाचरांपाशी आलं. ते दोन म्हशींनी आणि एका बगळ्याने ऐकलं. सहाव्या पानावर मी गरजलो, "पण पुरावा कुठे आहे?" आठवं पान दफनभूमीत संपलं.

परतताना बाजाराच्या तोंडाशी गाडी थांबलीच. समोर कमरेवर हात ठेवून बासारिया उभी! तिने ताडपत्री ओढली.

"उतरा लोलो!"

उतरलो. एका हातात पानं, दुसऱ्यात माइक. भोवती अख्खा बाजार. "चौथ्या पानावर..." मांजराच्या पिलाने सुरुवात केली. बासारिया माझ्याकडे बघतच नव्हती.

"हे तुमच्या हातात काय आहे?"

"माइक."

"लाल पट्टी. तळाला चीर. जाळीला पोचा. तीनदा हेच ऐकवत टोपली उपडी केली माझी, ह्या माइकचं वर्णन माझ्याइतकं कुणाला पाठ असणार? कापितान! हा घ्या तुमचा माइक!"

माइक चालूच होता. त्यामुळे हे आणि पुढचं सगळं गावाने ऐकलं, पूर्ण आणि फुकटात.

कापितान धावत आले. "बुर्स्यो! चोरा!"

"मी कसला चोर?" बुर्स्यो भडकला. "फिएस्तात तुम्हीच दिलात की! ताडीची तिसरी घागर संपली तेव्हा! म्हणालात, 'बुर्स्यो, हा घरी नेऊन ठेव, नाहीतर बाजाव चोरतील!'"

"मग... मग बातमी आली तेव्हा बोलला का नाहीस?"

"मथळ्यात नुसता माइक होता, कापितान. कुठला ते फोटोत. फोटोला लोड लागतो!"

बाजार असा हसला, की बदामाच्या झाडावरचे कावळे उडाले. मी एकटाच हसलो नाही. तासभर पुरावा मुठीत धरून मी 'पुरावा कुठे आहे?' असं त्याच पुराव्यात ओरडत होतो.

शनिवारी ठराव आलाच नाही. बासारिया आपल्या झाडाखाली बसली. 'बालोद'ने मोठ्या मनाने खुलासाही छापला. चौथ्या परिच्छेदात सगळं खरंखरं आहे, ताडीच्या घागरींसकट. मथळा असा: 'हरवलेला माइक सेव्हेरिनो सरांच्या हातात सापडला!'

आता बेकरीवाला माझ्या पिशवीत पाव टाकताना दुसरा हात गल्ल्यावर ठेवतो. कापितानची मोटरसायकल थांबत नाही. सोमवारी मी मान खाली घालून बाजारात शिरलो, तर मागून कुजबुज आली, "वाटत नाही हो बघून!"

आणि बासारिया उठली. तिला ना पान लागलं, ना माइक. सगळा बाजार दणाणेल अशा आवाजात ती ओरडली, "ए, गप्प बसा! सगळेच पुस्तकवाले चोर नसतात!"

बाजार गप्प झाला. तिने मासळी तोलली, वर दोन मासे टाकले आणि हसून विचारलं, "बरोबर बोलले ना, लोलो?"

"अगदी बरोबर," मी म्हणालो.

घरी आलो आणि चौथं पान तेवढं चुलीत घातलं.