डॉक्टरसाहेबांना पाय कसा दाखवायचा?

टाळेबंदीच्या तिसऱ्या आठवड्यात नाशिक रोडच्या धोंडाबाईंच्या डाव्या पायाचा अंगठा काळानिळा पडला. साखरेचा आजार जुना, जखम नवी आणि जवळचा दवाखाना बंद. सून योगिनीने सरकारी व्हिडिओ-सल्ल्याचं टोकन मिळवलं: क्रमांक एकशे बारा, वेळ सात मिनिटं. उशीर झाला तर अंगठा कापावा लागतो, हे इंटरनेटने तिला रंगीत चित्रांसह समजावलं होतं. बिचारीची झोप उडाली होती.

पडद्यावर तरुण डॉक्टर महेश अवतरले. धोंडाबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

"आजी, पाय कॅमेऱ्यासमोर धरा."

"अगं बाई! साहेबांच्या तोंडासमोर पाय? मी नाय."

"अहो आई, ते तिकडे बसलेत!" योगिनी कळवळली.

"तिकडं बसले म्हून काय मान कमी झाला?"

आता बोला! यात सहा मिनिटं गेली. शेवटी बाई तयार झाल्या. फक्त आधी माफीचा नमस्कार करते म्हणाल्या. भक्तिभावाने त्यांनी पडद्याला बोटं लावली, ती नेमकी लाल बटणावर. डॉक्टर अंतर्धान पावले. नवं टोकन तीनशे चार. योगिनीला रडूच कोसळलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा डॉक्टर महेशच आले. नोंदीत लिहिलं होतं, 'रुग्णाने नमस्कार करून तपासणी संपवली.' ते वाचून डॉक्टर खुर्चीतून उठले आणि वाकले.

"आजी, आशीर्वाद द्या. पण पायच दिसेनात, पडू कुठे?"

"औक्षवंत हो रं बाबा!" म्हणत धोंडाबाईंनी चटकन पाय पुढे केला. औषध सुरू झालं, अंगठा वाचला. योगिनीने शिरा केला.

डॉक्टरांना मात्र कारणे दाखवा नोटीस आली: 'कर्तव्यावर असताना नऊ सेकंद पडद्यावरून अनुपस्थित.' त्यांनी खुलासा दिला. खुलासा वर वर चढत गेला, वरच्यांना भलताच आवडला आणि परिपत्रक निघालं: यापुढे प्रत्येक डॉक्टरने प्रथम रुग्णाच्या पाया पडावे, आजार दाताचा असला तरी. सातपैकी साडेसहा मिनिटं आशीर्वादात जाऊ लागली. तक्रारी शून्यावर आल्या.

पुढच्याच आठवड्यात इंदिरानगरहून साधनामावशीचा फोन आला. तिची दाढ सुजली होती.

"कोणतं औषध दिलं गं मावशी?" योगिनीने विचारलं.

"औषधाचं राहिलंच बघ. पण डॉक्टर स्वभावाने काय चांगले! तुला नंबर देऊ?"

योगिनी पोट धरून हसली. तुम्हीही हसा. फक्त तुमच्या डॉक्टरांचं नाव दुसऱ्याला सुचवताना तुम्ही पहिलं वाक्य कोणतं बोलता, तेवढं आठवून बघा.