लुओंगची जीभ

"हे सूप कोणी केलं?" लुओंगने चमचा खाली ठेवत विचारलं.

"मी," सून क्वेन म्हणाली. "का हो, बाबा?"

"काही नाही. चांगलं झालंय. म्हणजे, झालंच असणार."

त्याने आणखी एक घोट घेतला. चिंच लागली, अननस लागला, मासाही ताजा होता. मीठ मात्र कुठेच नव्हतं. समोर बायको न्हान मुकाट्याने भात खात होती आणि ऐंशीची आई माशाचे काटे काढण्यात गुंग होती. तिघींपैकी एकीचीही तक्रार नव्हती. त्याअर्थी सूप ठीक होतं आणि बिघडली होती ती आपली जीभ, असं त्याने मनाशी ठरवलं. आणि हे त्याला परवडणारं नव्हतं.

कारण व्हिएतनामच्या किनाऱ्यावरच्या फान थिएतमध्ये लुओंगचं घर त्याच्या जिभेवर चालत होतं. थोआबाईंच्या वखारीत मासे आणि मीठ लाकडी पिंपांत वर्षभर मुरत, आणि तळाच्या नळातून नुओक माम हा तांबूस, खारट रस निथळू लागला की तो विकायला काढायचा की पुन्हा पिंपात ओतायचा, हे लुओंग एक थेंब चाखून सांगे. त्याने मान हलवली की नळ उघडायचा, नाही हलवली की बंद.

खरं काय झालं होतं ते सांगायला हवं. नव्या वर्षानंतर त्याची तपासणी झाली, तेव्हा रक्तदाबाचा वरचा आकडा एकशे सत्तरवर गेला होता.

"वडील कशाने गेले?" डॉक्टर दाओंनी विचारलं होतं.

"हृदयाने. जेवता जेवता."

"आणि तुम्ही प्रत्येक घास नुओक माममध्ये बुडवून खाता?"

"मग काय चहात बुडवू?"

"काका, मीठ जास्त झालं की रक्तदाब चढतो, आणि तो चढला की हृदयाला दिवसरात्र ओझं ओढावं लागतं. निम्मं करा. एवढंच सांगतो."

घरी आल्यावर लुओंगने डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं आणि जाहीर केलं, "या घरात मिठाबद्दल कुणी चकार शब्द काढायचा नाही." कुणी काढलाही नाही. त्या रात्री न्हानने स्वयंपाकघरातल्या बाटलीतला निम्मा रस काढला आणि तेवढं उकळून गार केलेलं पाणी भरलं. क्वेनला हे माहीत नव्हतं. ती त्याच बाटलीतून घेताना मोजून निम्मंच घेऊ लागली आणि उरलेली जागा लिंबाने आणि पाण्याने भरू लागली. आईला दोघींचंही माहीत नव्हतं. नवरा जेवता जेवता गेलेला तिने पाहिला होता. ताट मांडताना ती लेकाच्या नुओक मामच्या वाडग्यात गुपचूप कोमट पाणी घालू लागली. निम्म्याचं निम्मं आणि त्याचंही निम्मं!

लुओंगने मात्र आपल्या जिभेची चौकशी सुरू केली. लिंबू चाटून पाहिलं, आंबट. साखर गोड. मिरचीने डोळ्यांत पाणी आलं. मग तो भल्या पहाटे किनाऱ्यावर गेला आणि ओंजळभर समुद्र तोंडात घेतला.

"काय हो, तहान लागली का?" जाळं ओढणारा एक कोळी हसला.

"खारट आहे का, ते बघतोय."

"आणि?"

"आहे."

"बरं झालं बुवा. आम्हाला काळजीच होती."

समुद्र कळतो, पण घरचं सूप कळत नाही! लुओंगने यातून असा अर्थ काढला की जीभ पूर्ण गेलेली नाही, पण मीठ असेल त्यापेक्षा कमी दाखवते. आता वखारीत चाखताना आपणच वर थोडं धरून चालायचं.

आणि तिथेच घोटाळा झाला. घरच्या अळणी जेवणाने त्याची जीभ उलट तीक्ष्ण झाली होती, मिठाचा कणही तिला टोचायचा. वर तो आणखी थोडं धरणार! वखारीतल्या सगळ्यात उत्तम पिंपाचा थेंब त्याने चाखला आणि तोंड वेडंवाकडं केलं.

"बाई, हे विकू नका. नुसतं मीठ आहे."

थोआबाईंनी बोट बुडवून चाखलं. "लुओंगभाऊ, अहो, मध आहे हा."

"तुम्हाला तसं वाटतं. आणि मला जे वाटतं त्यापेक्षाही हे खारट आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे माझी जीभ कमी दाखवते, तरी एवढं लागतंय. खरं किती असेल, विचार करा!"

थोआबाईंनी विचार केला. त्याने पाठोपाठ आणखी दोन पिंपं नापास केली, तेव्हा त्यांनी त्याचा हात हळूच नळावरून काढला. "भाऊ, तुम्ही आधी डॉक्टरकडे जाऊन या. तोवर मी चाखते."

इतक्या वर्षांत त्या नळाजवळून त्याला कुणी दूर केलं नव्हतं. तो तडक डॉक्टर दाओंकडे गेला आणि खुर्चीत बसायच्या आधीच त्याने जीभ बाहेर काढली.

डॉक्टरांनी ती उजेडात पाहिली, उलटी करून पाहिली. मग सवयीने रक्तदाब घेतला. मग पुन्हा घेतला.

"काका, हा इतका खाली कसा आला? काय खाता?"

"नेहमीचंच. पण लागत काही नाही."

डॉक्टर तरुण होते आणि त्यांना स्वस्थ बसवेना. "आज तुमच्याकडे जेवायला येऊ का?"

संध्याकाळी पाहुणा आला म्हणून न्हानने नारळपाण्यात डुकराचं मांस शिजवलं होतं. डॉक्टरांनी लुओंगच्या वाडग्यात मांसाचा तुकडा बुडवला, तोंडात टाकला आणि ते चघळता चघळता थांबले.

"काका, हे पाणी आहे."

"म्हणजे तुमचीही गेली?" लुओंग घाबरला.

"मी बाटलीत घातलं," न्हान पुटपुटली. "निम्मंच."

"तुम्ही घातलंत?" क्वेन ओरडली. "मग मी कशाला घालत होते?"

दोघींनी आईकडे पाहिलं. आईने जेवणाच्या काड्या ताटाच्या कडेला ठेवल्या. "माझ्याकडे काय बघता? मी पोराची आई आहे. घालणारच."

लुओंगचा चेहरा लाल झाला. "मी आख्खा समुद्र चाखून आलो! वखारीत माझी शोभा झाली! आणि तुम्ही तिघी हे अळणी जेवण तक्रार न करता कशा खात होतात?"

 क्वेनने उठून तांदळाच्या डब्यामागून अस्सल नुओक मामची एक छोटी बाटली काढली. आईने पूर्वजांच्या देव्हाऱ्यामागून काढली. न्हानची बाटली तर चांगली मोठी होती आणि ती चुलीच्या मागे होती.

डॉक्टरांनी हसू आवरत पिशवीतून यंत्र काढलं. "आता सगळ्यांचंच बघू."

क्वेनचा रक्तदाब ठीक होता. आईचाही ठीक निघाला, आणि तिने विजयी मुद्रेने सगळ्यांकडे पाहिलं.

"हे कसं काय?" लुओंगने विचारलं.

"काहींना मीठ बाधतं, काहींना तितकं नाही. का, ते आम्हालाही नीट सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले आणि न्हानच्या दंडाला पट्टा बांधला. हवा भरली, सोडली, पुन्हा भरली. त्यांचं हसू मावळलं.

"काकू, तुमचा काकांच्या तेव्हाच्या आकड्यापेक्षा जास्त आहे."

"माझा?" न्हान हसली. "मी तर बारीक आहे."

"बारीक असून भागत नाही. डोकं दुखतं? जिना चढताना धाप लागते?"

"लागते थोडी. मला वाटलं, यांच्या काळजीने लागत असेल."

लुओंग अजून रागावलेलाच होता. बोलायचं बरंच काही त्याने मनात जुळवून ठेवलं होतं. त्याने न्हानच्या दंडावरच्या पट्ट्याकडे पाहिलं. मग त्याने चहाची किटली बाजूला सारली, पाण्याचं भांडं उचललं आणि आपल्या समोरच्या वाडग्यात धार धरली.

"अहो, थांबा!" न्हान म्हणाली. "त्यात आधीच तिघींनी घातलंय!"

"असू दे," लुओंग म्हणाला, आणि वाडगा त्याने तिच्या पुढ्यात सरकवला. "हे तुझ्यासाठी."