सासूबाई, वारा आणि रीस्टार्ट

पाहुणे यायला तासभर उरला असताना राडिवोयेला नसतं शहाणपण सुचलं. घरातले सगळे व्हिडिओ ज्या सर्व्हरवर होते, त्यावर सूचना झळकली: ‘नवी आवृत्ती. आता रीस्टार्ट आणखी भरवशाचा!’ (चालत्या गोष्टीला हात लावू नये, हे त्याला लग्नाच्या वीस वर्षांतही कळलं नव्हतं.) त्याने बटण दाबलं.

आज स्लावा, घराच्या संताचा सण. या दिवशी उझित्से शहरात कुणी आमंत्रण देत नाही आणि येतात मात्र सगळे. यंदा टीव्हीवर दिवंगत सासऱ्यांचं गाणं लावायचं होतं. ते एकुलतं एक चित्रण सर्व्हरवर होतं. मूळ कॅसेट राडिवोयेने ‘आता काय करायची!’ म्हणत टाकून दिली होती, आणि हे सासूबाईंना ठाऊक नव्हतं.

सर्व्हर सुरू होता होता बंद पडला. पुन्हा लावला, पुन्हा बंद! राडिवोयेच्या तोंडचं पाणी पळालं.

“भरवशाच्या म्हशीला टोणगा! प्रोग्रॅमच भिकार आहे!”

“अरे, बाबांच्या गाण्याचं काय?” बायको, रुझित्सा, स्वयंपाकघरातून ओरडली.

“येतंय, येतंय!”

तिसऱ्यांदा लावून, नेमकं काय होतं ते पाहायला तो दाराआड दबा धरून बसला. सर्व्हरचा पंखा भणाणला. तशा सासूबाई देसांका लगबगीने आल्या आणि त्यांनी खटका खाली करून सर्व्हर बंद केला.

“आई! हे काय?”

“अहो जावईबापू, मागून हा वारा, समोर उघडी खिडकी! आरपार वाऱ्याने माणसं मरतात. माझी मान धरलीसुद्धा.”

उझित्सेत या बाबतीत वाद घालून उपयोग नसतो. राडिवोयेने खिडकी लावली, सासूबाईंना शाल दिली आणि खटका वर केला. लागला! सगळं जसंच्या तसं! तो आनंदाने चक्क नाचला.

चाळीस पाहुण्यांपुढे सासरे गायले. सासूबाईंनी डोळे पुसले. मग गाणं संपवून सासरे कॅमेऱ्याकडे वळले. (इथपर्यंत राडिवोयेने कधी पाहिलंच नव्हतं.)

“देसांका, त्या राडिवोयेला पोरगी देऊ नकोस. त्याला साधा दिवा बसवता येत नाही!”

घरभर हशा पिकला. राडिवोयेने धावत जाऊन स्वतःच खटका खाली केला.

“लाव रे, लाव!” पाहुण्यांनी गिल्ला केला. सासूबाईंनी शाल सावरत खटका वर केला. दोन मिनिटांत सर्व्हर उठला आणि थांबण्याआधीचं नेमकं तेच वाक्य पुन्हा बोलू लागला, “...साधा दिवा बसवता येत नाही!”

“प्रोग्रॅमला उगाच नावं ठेवलीत, जावईबापू,” सासूबाई कौतुकाने म्हणाल्या, “किती भरवशाचा आहे हो!”