राज्यात बारावा

सांगून ठेवतो, परीक्षेला मी कधीच भ्यालो नाही! ग्रामसेवकीत उभा जन्म गेला, चार-चार ऑडिटं अंगावर घेतली. सीईटी काय मोठा वाघ लागून गेला?

झालं असं, की ही गेल्यापासून धाड गावातल्या घरात मी आणि पंखा, असे दोघंच बोलायचो. पंखा जास्त. मुलगी रेणुका बेंगळुरूला. रविवारी फोन करते, "बाबा, जेवले का?" विचारते, मी "हो" म्हटलं की विषय संपतो. अशात कळलं, वकिलीच्या प्रवेशाला वयाची अट नाही. कॉलेजात पोरं असतात, चहा असतो, गप्पा असतात. ठरलं! बी.ए. होतोच. बुलढाण्याला जाऊन कॉम्प्युटरवर सीईटीचा पेपर दिला.

निकाल मोबाइलवर आला. पर्सेंटाइल : १२.४०.

मी असा ओरडलो, की शेजारच्या वच्छलाबाई तव्यावरची पोळी सोडून धावत आल्या.

"काय झालं हो भाऊजी?"

"बारावा आलो! राज्यात!"

फ्लेक्सवाल्या कचरूला तेवढी शंका आली. "काका, हे पॉइंट चाळीस काय व्हय?"

"अबे, थोडं मागं-पुढं असते!"

संध्याकाळी बसस्टँडवर माझा फ्लेक्स! फोटोत मी उतारवयातला नवरदेव. घरी माणसंच माणसं! खुर्च्या पुरेनात, चहाचं मोठं पातेलं माळ्यावरून उतरलं. कुणी जायला उठलं, की मी हातात आणखी एक पेढा देऊन त्याला खाली बसवायचो.

मग कचरूला घेऊन ऐटीत बुलढाण्याच्या लॉ कॉलेजात गेलो. प्रवेशाच्या खिडकीवर माझं नाव पुकारलं, की मला घालायला त्यानं हारही आणला होता. क्लार्क उद्धवनं निकाल पाहिला, मग हार पाहिला.

"काका, बारा पर्सेंटाइल म्हणजे शंभरातले बारा तुमच्या मागं. बाकीचे समोर."

"म्हंजे मी बारावा नाही?"

"आहात ना. खालून मोजलं तर."

कचरूनं हार गुपचूप पेपरात गुंडाळला.

आम्ही परतायच्या आधीच बातमी जीपनं गावात पोचली होती. फ्लेक्स उतरला. दुसऱ्या दिवशी मांडलेल्या खुर्च्यांवर कुणी फिरकलं नाही. वच्छलाबाई वाटीभर भाजी ठेवून मुकाट्यानं गेल्या. हसल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

रविवारी रेणुकानं विचारलं, "बाबा, ह्या वयात वकील काऊन व्हायचं होतं तुमाले?"

"कायदा आवडते मले," मी म्हटलं. एवढं खोटं तर ऑडिटातही बोललो नव्हतो!

आणि एक दिवस उद्धवचाच फोन! "काका, मेरिटवाले पुण्या-नागपूरले निघून गेले. शेवटच्या फेरीतही जागा रिकाम्या राह्यल्या. येता का?"

येता का म्हणजे! नवा शर्ट घातला, मित्रांना पुरेल एवढा डबा भरला, पहिल्या एसटीनं कॉलेज गाठलं. वर्गात बाकंच बाकं. माणूस एकही नाही. पहिल्या बाकावर बसून राहिलो. बऱ्याच वेळानं सर दाराशी आले आणि मला पाहून दचकले.

"सर, बाकीचे?"

"ते परीक्षेलेच येतात."

तरी त्यांनी हजेरी घेतली. "पंजाबराव?"

"हजर!" आवाज रिकाम्या वर्गात घुमून परत माझ्याकडेच आला.

सर खुर्चीत टेकले. "काका, तुम्ही रोज येणार?"

"हो तर! रोज!"

सरांनी उसासा सोडला. "मंग आता मलेही रोज यावं लागंन!"