महामार्गावरचा बांध

झुलाल आबा रोज सकाळी रागावूनच उठत, पण त्या दिवशी राग गिळणं भाग होतं. गावात पहिल्यांदाच एसटी येणार होती. डेपोचे साहेब हितेंद्र सोनवणे स्वतः बसून येणार होते. बस मारुतीच्या पारापर्यंत पोचली तर रोजची फेरी सुरू, नाहीतर विषय कायमचा बंद. आबांची नात ज्योती देवपूरच्या कॉलेजात होती. पोरीने रोज फाट्यापर्यंत एकटीने चालत जाणं तिच्या बापाला पटत नव्हतं, आणि एसटी आली नाही तर कॉलेज बंद, असं त्याने सांगून टाकलं होतं.

नरडाण्याकडून येणारा हा राज्यमार्ग म्हणजे नकाशावर नखाएवढी रेघ. आखताना तो सरळ होता. पण ‘माझ्या शेतातून नको’ असं जो तो म्हणत गेला आणि शेवटी रस्ता वेडीवाकडी वळणं घेत सगळ्यांच्याच शेतातून गेला. सरकारने जमीन घेतली, पण लोकांनी ती सोडली कुठे? मक्याचा हंगाम आला की ज्याचं शेत ज्या तुकड्याखाली गेलं, त्याने तिथेच डांबरावर मका वाळत घालायचा आणि कडेने दगड मांडायचे. एवढ्या मोठ्या सरकारी रस्त्यावर कुणाचा बांध कुठे, हे गावात सगळ्यांना पाठ होतं.

आदल्या दिवशी आबांनी दारोदार फिरून, शिव्या घालून सगळ्यांचा मका उचलायला लावला. उरला फक्त त्यांचा स्वतःचा आणि त्याला लागून चुलतभाऊ जीवरामचा. सकाळी आबा फावडं घेऊन गेले आणि बघतात तर जीवरामचे दगड बांध ओलांडून हातभर अलीकडे आलेले. आबांचं डोकं फिरलं. आता मका उचलला तर ती हातभर जागा गेलीच म्हणायची.

“जीवराम, हाई मना बापनी जागा शे. पहिले तू उचल.”

“पहिले तू उचल, मंग मी उचलसू,” जीवराम म्हणाला आणि आपल्या मक्याशेजारी मांडी घालून बसला. मग आबाही बसले.

बस आली आणि थांबली. दाण्यांवरून चालवा, असं साहेबांनी फर्मावलं. ड्रायव्हर असलमभाईंनी इंजिन बंद करून टाकलं.

“साहेब, अन्नावर चाक घालायचं माझ्याकडून होणार नाही. हवं तर दुसरा ड्रायव्हर बघा.”

साहेब खाली उतरून तडकले. आबांची बायको मंजुळाबाई खराटा घेऊन धावल्या, तर आबा त्यांच्याही अंगावर ओरडले. शेवटी दप्तर पाठीला अडकवलेली ज्योती पुढे आली.

“आबा, हातभर जागासाठे मनं कॉलेज जाई.”

आबांना ते लागलं. त्यांनी खराटा हातात घेतला. जीवरामनेही आपला घेतला. पण पहिला हात कुणी मारायचा, म्हणून दोघेही एकमेकांकडे बघत उभेच राहिले. बघणाऱ्यालाच चीड यावी, असा प्रकार.

तेवढ्यात ज्योती सरळ बसमध्ये चढून बसली. उतरणार नाही म्हणाली. साहेबांनी कपाळ पुसलं, तिच्याकडे पाहिलं आणि तोडगा काढला की पारापर्यंत जायचं राहू दे, बस इथपर्यंत येईल आणि इथूनच वळेल.

दुसऱ्या दिवशी डेपोची माणसं येऊन थांब्याचा खांब गाडून गेली. तो नेमका त्या हातभर जागेत बसला. बसला वळायला जागा हवी, म्हणून दोघांचा उरलेला मकाही उचलून कडेला टाकला गेला. आबा आणि जीवराम एकाच वेळी तिथे पोचले.

“हाऊ खांब कोनी गाडा?” आबा कडाडले.

“एस्टीवालास्नी,” जीवराम दात खात म्हणाला. “आपली जागामा.”

‘आपली’ हा शब्द दोघांमध्ये किती वर्षांनी आला, ते दोघांनाही आठवलं नाही. तक्रार करायला देवपूरच्या डेपोत जायचं ठरलं. जायला वाहन एकच होतं, ज्योतीची एसटी. दोघे एका बाकावर बसले. फाटा यायच्या आतच जीवरामची मांडी आबांच्या बाजूला सरकली आणि कुणाची हद्द कुठपर्यंत, यावरून अख्खी बस डोक्यावर घेतली गेली.

ज्योती उठली आणि दोघांच्या मधे जाऊन बसली. देवपूर येईपर्यंत बांध तिथेच राहिला.