ब्रॅडीसाहेबांचा अर्धा तास

एकोणीसशे पासष्टचा हिवाळा. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम जोरात चाललं होतं आणि बोईसर स्टेशनावर उतरणारा जो तो हातात वळकटी घेऊन "साइट किधर है?" असं विचारत होता. त्यातलीच एक वळकटी खंडेरावाची. कराडकडचा फिटर. मागोमाग त्याची बायको नर्मदा आली, तिच्यामागून आई रखमाबाई आली आणि तिघांनी सरावलीत कुडाची खोली भाड्यानं घेतली.

खोलीला पुढं-मागं दार होतं, खिडकी होती, पाणी नव्हतं. विहीर शेतांपलीकडे. नर्मदा पहाटे डोक्यावर हंडा चढवायची तो दिवेलागणीला उतरायचा. दोन वर्षं स्वयंपाक, धुणं, झोप, सगळं त्या हंड्याच्या सवडीनं. मान इतकी आखडली होती की कुणी हाक मारली तर ती अख्खीच्या अख्खी वळायची, बैलगाडी वळते तशी!

ठेकेदारानं कामगारांसाठी पत्र्याच्या खोल्या बांधल्या होत्या. ओळीच्या टोकाला नळ! नर्मदा कधी त्या बाजूनं गेली तर देवळासमोर थांबावं तशी नळासमोर थांबायची. पण खोल्या थोड्या आणि मागणारे फार. वाटप मॅनेजरच्या हातात आणि मॅनेजर ऐकायचा तो फक्त साइटवरच्या अमेरिकन इंजिनिअरचं, ब्रॅडीसाहेबांचं.

"तू बघच," एक दिवस खंडेराव म्हणाला. "साहेबाकडून शब्द टाकवतो. इंग्रजीत! मला आता इंग्रजीतली सगळी वेळ येते."

"येऊ द्या. तुम्ही वेळेवर घरी या, मग झालं."

ही विद्या त्याला नरहरीनं दिली होती. नरहरी गेटवरचा टाइमकीपर. जेवणाच्या सुटीत तो फिटर-वेल्डरांना इंग्रजी शिकवायचा आणि टाइमकीपरच तो, वेळेपलीकडचं काही शिकवायचाच नाही. 'ॲट' म्हणजे भिंतीत ठोकलेला खिळा, एकच जागा. 'फॉर' म्हणजे वाळत घातलेलं धोतर, इथपासून तिथपर्यंत. 'सिन्स' म्हणजे कधी सुरू झालं, 'टिल' म्हणजे कधी संपणार. खंडेराव ही विद्या घरी येऊन नर्मदेवर चालवायचा.

"नर्मदे, सिन्स मॉर्निंग काय केलंस?"

"पाणी आणलं."

"आणि टिल इव्हिनिंग काय करणार?"

"पाणी आणणार. अहो, सरका बाजूला, हंडा कलंडेल!"

आणि खरंच एका शनिवारी तो उड्या मारत आला. ब्रॅडीसाहेब उद्या कायमचे अमेरिकेला निघाले होते. जाण्याआधी आमच्या घरी पायधूळ झाडा, असं यानं विनवलं आणि साहेबांनी चक्क होकार दिला!

"काय म्हणाले?" नर्मदेनं विचारलं.

"ॲट फोर, फॉर हाफ ॲन अवर. चार वाजता येतो, अर्धा तास बसतो. पाचच्या गाडीनं मुंबईला जायचंय. मॅनेजर निरोप द्यायला स्टेशनावर येणार आहे. त्याच्याशी खोलीचं तिथंच बोलतो म्हणाले!"

"मग चहा-पोहे करू?"

खंडेराव हसला. जाणत्या माणसाचं हसू! "अगं, पाहुणा 'अर्धा तासच बसतो' म्हणाला, की तो भिडेनं म्हणतो. आपण काय पाव्हण्याकडं गेलो तर 'जेवणार आहे' म्हणतो का? 'निघतोच' म्हणतो आणि चार घास खाऊन निघतो. नरहरीलाही विचारलं. तोही म्हणाला, साहेब भिडस्त आहेत. चार म्हणजे पाच धर. गाडी काय, मागची असतेच की."

"पुरणपोळी कर," आतून रखमाबाई म्हणाल्या. "माझ्या दारातनं पाव्हणा उपाशी गेलेला न्हाई आजवर."

त्या शब्दावर अपील नव्हतं. रविवारी नर्मदेनं पुरणपोळीचंही पाणी विहिरीवरूनच आणलं.

आणि बरोबर चारला दारात जीप!

नर्मदेचे हात पिठात, केस मोकळे. डाळ चुलीवर नुकती कुठं उकळायला लागलेली. खंडेराव विहिरीवर, अंगाला साबण लावून. रखमाबाईंनी पदर सावरला आणि सहा फुटी साहेबांना खाटेवर बसवलं. दाराबाहेर चपला बघून साहेबांनी शहाण्यासारखे आपले बूटही बाहेर काढले होते. पिवळसर चामड्याचे, होडीएवढे!

खंडेराव धावत आला तेव्हा त्याच्या एका कानात साबण तसाच होता. हात जोडून त्यानं एकदम मुद्द्यालाच हात घातला.

"साहेब, सिन्स टू इयर्स माय वाइफ वॉटर! मॉर्निंग टिल इव्हिनिंग वॉटर! ओन्ली वॉटर!"

साहेबांनी नर्मदेकडे बघितलं, तिच्या मानेकडे बघितलं. मान हलवून ते म्हणाले, स्टेशनावर नक्की सांगतो. नर्मदेला इंग्रजी येत नव्हतं, पण ते हलणं तिला कळलं. दोन वर्षांत पहिल्यांदा तिच्या खांद्यांवरचं कुणीतरी काहीतरी उतरवून घेतलं असं तिला वाटलं.

साडेचारला साहेब उठले.

"बसा!" खंडेराव ओरडला.

साहेब बसले. घड्याळ बघून पुन्हा उठले.

"बसा की! सिट, सिट! पोळी! फाइव्ह मिनिट!"

साहेब पुन्हा बसले. आत डाळ अजून शिजत होती. नर्मदा फुंकणीनं चूल फुंकत होती आणि डोळ्यांतून पाणी गाळत होती. "अहो, जाऊ द्या त्यांना," ती आतून म्हणाली. "त्यांची गाडी आहे."

"गप! आग्रह केला नाही तर म्हणतील, माणसं कोरडी आहेत!"

एवढ्यात परसदारी लाडकी आली. ही पलीकडच्या पाड्यावरची, विहिरीवरची नर्मदेची सोबतीण. बाजारात भाजी विकून, रिकामी टोपली घेऊन घरी चालली होती.

"काय बाय, आज जत्रा हाय काय तुमच्याकडं? जीप उभी हाय."

"साहेब आलेत गं. थांब, पोळी घेऊन जा."

लाडकी टोपली टेकवून चुलीपाशी बसली. तेवढ्या वेळात रखमाबाई हळूच पुढच्या दारानं बाहेर जाऊन परसदारी आल्या. जाताना त्यांच्या पदराखाली काहीच नव्हतं, येताना होतं.

पाचला दहा कमी असताना साहेब तिसऱ्यांदा उठले आणि या वेळी बसेनात! दारात गेले. थांबले. खाली बघितलं. उजवीकडे बघितलं. डावीकडे बघितलं.

"माय शूज?"

खंडेरावानं आईकडे बघितलं. आई छताकडे बघत होती.

"आई! बूट?"

"जेवल्याबिगर बूट न्हाईत," रखमाबाई शांतपणे म्हणाल्या. "तुझ्या मामाच्या चपला अशाच ठेवून घेतल्या तवा तो कुठं चार दिस ऱ्हायला!"

"आई, हे मामा नाहीत! हे ब्रॅडीसाहेब आहेत!"

जीपचा हॉर्न वाजायला लागला. साहेबांचा चेहरा टोमॅटोसारखा झाला. नर्मदा पिठाच्या हातांनी बाहेर आली आणि सासूचा हात धरून म्हणाली, "आत्याबाई, पाया पडते. माझा नळ चालला हो!"

तेव्हा कुठं रखमाबाई विरघळल्या. "परसदारी टोपलीत टाकलेत. वर फडकं झाकलंय."

सगळे परसदारी धावले. टोपली नव्हती. लाडकीही नव्हती. कच्च्यापक्क्या पुरणाची वाट बघून ती कधीच निघाली होती आणि लांब बांधावरून एक टोपली डुलत डुलत डोंगराकडे चालली होती!

"लाडके! ए लाडके!" नर्मदेनं हाक मारली. लाडकीनं दुरून हात हलवला. निरोप समजली ती.

साहेब शेवटी खंडेरावाच्या चपला घालून जीपमध्ये चढले. अर्धी टाच बाहेर लोंबत होती. रखमाबाईंनी चालत्या जीपमध्ये त्यांच्या मांडीवर एक पुरणपोळी टाकली. न भाजलेली! खंडेराव अनवाणीच मागे लटकला.

बोईसरला गाडी सुटत होती. मॅनेजर हार घेऊन उभा. साहेब चपला फटफटवत धावले, हार घालून घ्यायला थांबायलाही वेळ नव्हता, डब्यात चढले. मग खिडकीतून वाकून, हातवारे करून ते काहीतरी मोठ्यानं ओरडले. इंजिनानं शिट्टी दिली. साहेब पुन्हा ओरडले. गाडी गेली.

मॅनेजर हार हातात धरून वळला. "काय म्हणाले रे? तुझ्याकडे बोट होतं."

खंडेरावाला ऐकू आलं होतं. अगदी स्पष्ट, दोन्ही वेळा: "माय शूज! माय शूज!"

"म्हणाले, याला खोली द्या. नळाजवळची."

"दोनदा म्हणाले?"

"दोनदा म्हणाले!"

खोली मिळाली.

बूट लाडकीकडेच राहिले. "मी म्हनलं, म्हातारीनं जुने बूट दिलं, नाय कशाला म्हनायचं?" असं ती दुसऱ्या दिवशी म्हणाली आणि परत मागायला कुणाला तोंड होतं? तिचा नवरा झिपरू पुढे कित्येक वर्षं पाड्यावरच्या प्रत्येक लग्नात ते घालून नाचला. पुढच्या बाजूला चिंध्या कोंबून. ब्रॅडीसाहेबांचं पुन्हा काही कळलं नाही. त्यांच्या देशात ते कोणत्या पायांनी उतरले देव जाणे. नरहरीनं केंद्र सुरू झाल्यावर पालघरला शिकवणी काढली आणि तिची वेळ कधी पाळली नाही. रखमाबाई नव्या खोलीत चार वर्षं नांदून गेल्या. शेवटच्या दिवशी डॉक्टर उठायला लागला तर त्याला म्हणाल्या, "बसा की, चहा घेऊन जा." खंडेराव निवृत्त होईपर्यंत शपथेवर सांगत राहिला, साहेब खोलीचंच म्हणाले होते.

आणि नर्मदा? ती पहिल्या दिवशी उजाडायच्या आत कळशी, हंडा, बादली, घरातली सगळी भांडी घेऊन नळापाशी जाऊन बसली. बरोबर सहाला पाणी आलं. तिच्यापुढे, तिच्याही आधी आलेल्या बायकांची ही रांग! बरोबर साडेसहाला, तिचा नंबर लागता लागता, नळानं एक उचकी दिली आणि गप्प झाला. ॲट सिक्स, फॉर हाफ ॲन अवर.

नर्मदेनं रिकाम्या हंड्यावर हात ठेवून नळाकडे बघितलं. त्याला काही बूट नव्हते लपवून ठेवायला.