म्हाताऱ्याची रसद

शाळेत असताना ज्या गेमने मला अक्षरशः रडवलं, तो आता जिंकायचाच, असं मी परवाच्या रविवारी दुपारी ठरवलं. (खरं तर बायकोने बाथरूमचा गळका नळ दुरुस्त करायला सांगितला होता. त्यासाठी घराचं पाणी बंद करण्यापर्यंत मी मजल मारली होती.)

गेम तसा साधा आहे. सैन्य जमवायचं, धान्य साठवायचं आणि शेवटी डोंगरावरच्या पांढऱ्या दाढीच्या राजाचा किल्ला घ्यायचा. मी आणि माझा धाकटा भाऊ या राजाला ‘म्हातारा’ म्हणायचो. तो आमच्या हाती कधीच लागला नाही. पण तेव्हा आम्ही पोरं होतो. आता मी खरेदी विभागात उपप्रमुख आहे आणि माझ्या हाताखाली दोन माणसं आहेत (एक कायम रजेवर असतो).

भावाला फोन लावला, कानात हेडफोन घातले आणि लॅपटॉप उघडला. हेडफोन घातले की मी फार मोठ्याने बोलतो, असं घरचे म्हणतात. मला तरी कधी ऐकू आलेलं नाही.

पलीकडच्या खोलीत माझे सासरे होते. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून ते आमच्याकडे आहेत. बायको माझ्यावर चिडली की या घरात माझी बाजू घेणारं ते एकच माणूस. त्यांनी कायमचं राहावं, असं मला मनापासून वाटतं.

त्यांना भिंतीपलीकडून ऐकू आलं ते असं :

“या वेळी म्हाताऱ्याला सोडायचं नाही… छे, मारायचं कशाला? आधी धान्य बंद करू, मग पाणी… अरे, त्याची मुलगी आपल्याच ताब्यात आहे, किती दिवस ताणणार?… खजिना कुठे पुरलाय ते कळू दे, मग बघू त्याच्याकडे.”

सासरे उठून तोंड धुवायला गेले. नळाला पाणी नव्हतं.

मी घोडेस्वार गोळा करत असताना कुणीतरी माझ्या कानातले हेडफोन उपटले. बघतो तर बायको. तिच्यामागे सासरे, हातात काठी आणि खांद्याला बॅग.

“बाबा निघालेत,” ती म्हणाली. “काय बोललास त्यांना?”

“मी? एक शब्द बोललो नाही.”

“जावईबापू,” सासरे शांतपणे म्हणाले, “पुरून ठेवावं असं माझ्याकडे काही नाही हो. पाणी तेवढं सोडा, तोंड धुऊन निघतो.”



“अहो, म्हातारा म्हणजे तुम्ही नाही,” मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. “हा म्हातारा.”

“आणि ताब्यातली मुलगी?” बायकोने विचारलं.

“ती राजकन्या.”

“आणि मी कोण?”

(या प्रश्नाला गेममध्येही उत्तर नाही.) “बसा, खेळूनच दाखवतो,” मी म्हणालो.

सासरे बॅग मांडीवर घेऊन बसले. मी वेढा घातला. रसद तोडायला पाठवलेलं सैन्य वाटेतल्या दलदलीत रुतलं. धान्य संपलं, पण माझं. मग म्हातारा सावकाश दार उघडून खाली आला आणि माझी राजधानी घेऊन बसला. भावाने फोन ठेवला.

इतका वेळ ताणलेला सासऱ्यांचा चेहरा हळूहळू सैल झाला. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला, आणि माझा जीव भांड्यात पडला.

“पोरी, बॅग आत ठेव,” ते म्हणाले. “राहतो मी.”

“पटलं ना बाबा, नुसता गेम होता ते?”

“गेम असो नाहीतर खरं असो,” सासरे आरामात पाय पसरत म्हणाले, “यांच्या हातून माझ्या केसालाही धक्का लागायचा नाही.”